नवजात वासरू, ऑक्सिडेटिव्ह ताण आणि 'ई-सेलेनियम'चं इंजेक्शन : सरसकट द्यावं का?

शिळफाट्याचा गोठा

नमस्कार मंडळी. शिळफाट्यावरून आत, डोंगराच्या पायथ्याला आमचा गोठा आहे. थोड्या गीर, बाकी होल्स्टीनच्या संकरित गाई. दूध घणसोली-ऐरोलीच्या सोसायट्यांमध्ये रतिबाने जातं. दुधाचं गणित जमतंय, वासरांचं जमत नाहीये.

एप्रिल-मे महिन्यांत जन्मलेली वासरं वजनाने बरी दिसतात, पण त्यांतलं एखादं उठायला फार वेळ लावतं, सड तोंडात घेतं आणि सोडून देतं, आणि आठवडा व्हायच्या आत हगवणीने नाहीतर छातीने जातं. पावसाळ्याच्या शेवटी जन्मलेली वासरं मात्र टुणटुणीत. जागा तीच, माणसं तीच, पाणीही तेच.

औषधांच्या दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "नवजात वासराला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस असतो. जन्मताच व्हिटॅमिन ई-सेलेनियम टोचा, सगळ्यांना टोचा." आमचे डॉक्टर सरसकट टोचायला तयार नाहीत. ते म्हणतात, आधी गाभण गाईकडे बघ. मला दोन्ही बाजू नीट कळलेल्या नाहीत. हा ताण म्हणजे नक्की काय, वासराला तो जन्मताच का असतो, आणि उपाय सुईत आहे की गोठ्यात? जाणकारांनी सविस्तर लिहावं. वासरू गेलं की गाय दोन दिवस हंबरत राहते, ते आता बघवत नाही.

पाचपाखाडीकर

वाचतोय. गाय पाळलेली नाही, पण विषय महत्त्वाचा वाटतो.

रसायनमास्तर

पशुवैद्यक हा माझा प्रांत नाही, रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे ताण म्हणजे काय एवढंच सांगतो, गोठ्याचं जाणकार सांगतील.

पोटात असताना वासराला प्राणवायू वारेतून (प्लासेंटातून) मिळतो, तोही बेताचा. नाळ तुटली, पहिला श्वास घेतला, की रक्तातला प्राणवायूचा दाब थोड्याच वेळात दुपटीच्या वर जातो. त्याच वेळी वासराला स्वतःचं अंग स्वतः गरम ठेवायचं असतं, उभं राहायचं असतं, चोखायचं असतं. पेशींमधली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारी केंद्रं, एकदम पूर्ण वेगाने कामाला लागतात. तिथे इंधन जळताना थोडे इलेक्ट्रॉन वाटेत निसटतात आणि प्राणवायूला चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड हे प्राणवायूचं उपद्रवी रूप तयार होतं. हे प्रत्येक श्वास घेणाऱ्या जिवात सतत चालू असतं, नवजात वासरात ते अचानक वाढतं.

शरीराकडे त्यावर पायऱ्यापायऱ्यांची व्यवस्था आहे. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. त्याला तांबं आणि जस्त लागतं, मायटोकॉन्ड्रियातल्या प्रकाराला मँगेनीज लागतं. मग कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही दोन एन्झाइम त्या पेरॉक्साइडचं पाणी करतात. पहिल्यात लोह असतं, दुसऱ्यात सेलेनियम. ही पायरी कमी पडली आणि आसपास मोकळं लोह असलं, तर पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतं, आणि ते समोर येईल त्याला तोडतं. लोह आणि पेरॉक्साइडची ही जोडी फेंटन यांनी १८९४ मध्येच वर्णन केली होती.

पेशीच्या पडद्यातल्या स्निग्ध पदार्थांना हे लागलं की साखळी सुरू होते, सुक्या पेंढ्यात ठिणगी पडावी तशी एका रेणूकडून दुसऱ्याकडे. बंदोबस्तापेक्षा हा मारा जास्त झाला, की तोच ऑक्सिडेटिव्ह ताण. व्हिटॅमिन ई त्या पडद्यातच बसलेलं असतं आणि साखळी तोडतं. वापरलं गेलेलं ई पुन्हा कामाला लावायला व्हिटॅमिन सी मदत करतं. म्हणजे ई आणि सेलेनियम दोन वेगळ्या जागांवर काम करतात. त्यामुळे एकाची कमतरता दुसरं थोडीफार झाकतं, पूर्ण भरून काढत नाही.

गुरांच्या धाग्यावर हेही सांगायला आनंद वाटतो : १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेजचं काम ओळखलं, ते गुरांच्याच तांबड्या रक्तपेशींतून काढलेल्या प्रथिनावर. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजमध्ये सेलेनियम असतं हे १९७३ मध्ये कळलं.

चेकनाका

मास्तर, उत्तम. पण अँटिऑक्सिडंट, म्हणजे हा मारा रोखणारे ई-सेलेनियमसारखे पदार्थ, म्हटलं की मी सावध होतो. माणसांवर हे सगळं करून झालंय. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या हजारो पुरुषांना बीटा कॅरोटीन दिलं, १९९४ मध्ये निकाल आला, तर कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. पुढे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत व्हिटॅमिन ई घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग वाढलेला दिसला. कागदावर रसायनशास्त्र बरोबर असतं, शरीर वेगळंच वागतं. 'सगळ्यांना टोचा' म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

मुरबाडकर

आमच्याकडं बापजाद्यापासून गुरं हायेत. कुणी ई-सेलेनियम टोचलं नव्हतं, वासरं उड्या मारायची. पण एक सांगतो दादा, तेव्हा गाय रानात चरायची. आता तुमच्याकडं गाय बांधून, आणि फाल्गुन लागला की नुसता पेंढा. भाताच्या पेंढ्यात काय असतंय? पोट भरतंय, बाकी काय नाय. तुम्ही म्हणता पावसाळ्याशेवटची वासरं चांगली निपजतात. उत्तर तिथंच हाय असं मला वाटतं. गाभणपणात हिरवं पोटात गेलं का नाय ते बघा.

गोवैद्य कल्याण

मुरबाडकर, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. मी या भागात गुरांची डॉक्टर म्हणून काम करते. थोडं लांबण लागेल, पण या धाग्याला ते हवं आहे.

पहिली गोष्ट, गाईच्या वारेची रचना अशी आहे की आईच्या रक्तातल्या प्रतिपिंडांना ती ओलांडता येत नाही. हे बऱ्याच पशुपालकांना माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की व्हिटॅमिन ई आणि ए सुद्धा वारेतून फार थोडी जातात. आईच्या रक्तात भरपूर ई असलं तरी वासरू जन्मतं ते रक्तात अगदी कमी ई घेऊन. सेलेनियम त्यामानाने बरं ओलांडतं. तांबं शेवटच्या तिमाहीत वासराच्या यकृतात साठवलं जातं. म्हणजे एन्झाइमांना लागणारी खनिजं वासरू पोटातून घेऊन येतं, आणि पडद्यात बसणारं व्हिटॅमिन चिकातून घेतं. व्हिटॅमिन सी गुरं स्वतः तयार करतात, पण वासराची ती क्षमता पहिल्या आठवड्यांत अपुरी असते.

आता एप्रिल-मे. हिरव्या चाऱ्यात व्हिटॅमिन ई आणि कॅरोटीन भरपूर असतं. चारा कापून वाळवला, साठवला, की महिन्यामहिन्याने ते उतरत जातं. भाताच्या पेंढ्यात तर मुळातच फार थोडं. एप्रिलमध्ये विणारी गाय फेब्रुवारीपासून पेंढ्यावर असते, आणि चिकात ई भरलं जातं ते विण्याआधीच्या त्या काळात. ऑक्टोबरमध्ये विणाऱ्या गाईने पावसाळाभर हिरवं खाल्लेलं असतं. दोन्ही गाई पहिल्या धारेला चीकच देतात, पण त्या दोन चिकांत फरक असतो.

चेकनाका यांच्या मुद्द्याबद्दल. त्या चाचण्या खऱ्या आहेत, शंका रास्त आहे. पण तिथे ज्यांच्यात कमतरता नव्हती अशा प्रौढ माणसांना वर्षानुवर्षं जादा मात्रा दिली होती. नवजात वासरात प्रश्न कमतरतेचा आहे. गुरांमध्ये ई-सेलेनियमच्या कमतरतेचा एक स्पष्ट रोग आहे, स्नायूंचा. वासराच्या मांड्या, पाठ, जीभ, कधी हृदयाचे स्नायूसुद्धा पांढुरके पडतात, आणि ते ताठरतं, उभं राहत नाही, नीट चोखू शकत नाही. हृदयाला लागलं तर अचानक जातं. हा रोग असेल तिथे इंजेक्शन जीव वाचवतं, यात वाद नाही.

पण प्रत्येक मलूल वासरू या रोगाचं नसतं. अवघड विण्यात ओढून काढलेलं, थंडी लागलेलं, रक्तातली साखर उतरलेलं, चीक उशिरा मिळालेलं, ही सगळी तशीच दिसतात. शिळफाटा, तुमच्या डॉक्टरांनी सरसकट नको म्हटलं ते योग्य आहे. सेलेनियमची गरज आणि विषबाधा यांतलं अंतर फार कमी आहे. गाईच्या एकूण खाद्याच्या कोरड्या वजनात (पाण्याचा अंश वगळून) किलोमागे ०.३ मिलिग्रॅम पुरतं. खनिज मिश्रणात सेलेनियम आहे, वर पशुखाद्यात आहे, आणि त्यावर अंदाजाने टोचलेलं इंजेक्शन, असं झालं की वासरं दगावतात. पंजाबात होशियारपूर-नवांशहर पट्ट्यात जमिनीतच सेलेनियम जास्त आहे, तिथे गुरांचे खूर आणि शिंगं खराब होतात ती जास्तीमुळे.

नौपाड्याची सुगरण

डॉक्टर, तुमचं वाचून मला खरंच प्रश्न पडला. आमच्याकडे खरवस सगळ्यांना प्रिय. डेअरीवाल्याला सांगून ठेवलं की चिकाची पिशवी मिळते. मी तो वासराच्या तोंडचा काढून घेतेय का? तसं असेल तर मी बंद करेन, मनापासून विचारते आहे.

गोवैद्य कल्याण

ताई, प्रश्न फार चांगला विचारलात. चांगली संकरित गाय पहिल्या दिवशी वासराला लागतो त्यापेक्षा जास्त चीक देते. वासराला पहिल्या काही तासांत वजनाच्या दहा टक्के, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर मिळायला हवा. पहिला भाग पहिल्या दोन तासांत, कारण आतड्याची प्रतिपिंडं जशीच्या तशी आत घेण्याची ताकद सहा तासांनंतर झपाट्याने कमी होते आणि २४ तासांत संपते. वासराचं पोट भरलं आणि उरला, तर तुम्ही खरवस जरूर करा. अडचण होते ती पहिली धार आधी किटलीत आणि उरलेलं वासराला, असा क्रम लागतो तिथे. पिशवी घेताना विचारत जा की वासराला पाजलं का. गिऱ्हाईक विचारायला लागलं की गोठ्यात बदल होतो, हे मी पाहिलं आहे.

कोलशेतकर

सुगरण ताई, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा चीक मागा. पहिल्या दिवसाच्या चिकात दुप्पट दूध घालावं लागतं, नाहीतर खरवस रबरासारखा होतो. तिसऱ्या दिवसाचा दूध न घालता नुसता गूळ-वेलची घालून वाफवा, मऊसूत होतो. वासरूही खुश, खरवसही खुश. 😊

नौपाड्याची सुगरण

कोलशेतकर, जायफळ राहिलं! आणि चायना ग्रासचा खरवस कुणी या धाग्यावर आणू नका, तो वेगळा पदार्थ आहे.

हिरवा माळ

मला वाटतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचाही वासरालाच द्यावा. प्रतिपिंडं रक्तात जात नसली तरी आतड्यात राहून जंतूंना अडवतात. शिवाय चिकातलं लॅक्टोफेरिन हे प्रथिन मोकळं लोह धरून ठेवतं. मास्तरांनी लोह आणि पेरॉक्साइडच्या जोडीबद्दल लिहिलं आहे, तिथे हे उपयोगी पडत असणार. मग मधल्या दुधाला 'उरलेलं' का म्हणायचं?

गोवैद्य कल्याण

तुमचं म्हणणं मला पटतं. तीन दिवस वासराला आईचंच दूध मिळावं, हेच मीही सांगते. ज्या गाईला कासेत वासराच्या पोटापेक्षा जास्त आहे तिचाच उरतो. गीर किंवा डांगी गाईत तसा फारसा उरतही नाही.

तबेला भिवंडी रोड

सगळे गाईंबद्दल बोलताहेत, म्हणून म्हशीचं लिहितो. ठाण्या-भिवंडीकडच्या तबेल्यांमध्ये मुख्यतः मुऱ्हा, मेहसाणा, जाफराबादी म्हशी. पारडी (मादी) असेल तर थोडी काळजी, रेडकू (नर) असेल तर त्याला पान्हा सोडवण्यापुरतं लावतात आणि बाजूला ओढतात. मी या धंद्यात वाढलो, म्हणून हे जड मनाने लिहितो. रेडकू दोन घोट पितं. त्याच्या रक्तात प्रतिपिंडंही नाहीत आणि डॉक्टर म्हणतात ते व्हिटॅमिनही नाही. मग ते हगवणीने गेलं की नशिबावर टाकतात. मी माझ्याकडे नियम केला आहे, पारडी असो की रेडकू, बाटलीने मोजून चीक. खर्च वाढतो. पण म्हैसही शांत राहते.

एक विचारायचं होतं. म्हशीचा चीक गाईच्या चिकाइतका पिवळा नसतो. त्यात सत्त्व कमी असतं का?

रसायनमास्तर

तबेलावाले, तुमचा नियम वाचून बरं वाटलं. पिवळा रंग कॅरोटीनचा. गाय कॅरोटीनचा काही भाग तसाच दुधात सोडते, म्हैस जवळजवळ सगळ्याचं व्हिटॅमिन ए करून टाकते, आणि त्याला तसा रंग नाही. रंगावरून सत्त्व ठरवू नका. म्हशीचा चीकही पारड्यासाठी तितकाच मोलाचा.

घोडबंदरचा वारा

घरगुती उपाय कुणी सांगितले नाहीत. हळद, शेवग्याचा पाला, आवळा, हे सगळे अँटिऑक्सिडंटच ना? आमचे शेजारी जन्मलेल्या वासराला हळद-तूप चाटवतात, आणि एक जण माशाच्या यकृताचं तेल पाजतो.

गोवैद्य कल्याण

शेवग्याचा पाला गाभण गाईला हिरवा चारा म्हणून द्या, उत्तम. त्यात कॅरोटीनही आहे आणि ईसुद्धा. नवजात वासराच्या तोंडात चिकाआधी काहीही घालू नका, हळदही नको, तूपही नको. त्या पहिल्या तासांत आतडं जे येईल ते आत घेतं, जंतूसुद्धा.

माशाच्या तेलाबद्दल कळकळीने सांगते, थांबवा. त्यातली असंतृप्त स्निग्धं स्वतःच पटकन ऑक्सिडाइज होतात आणि वासराकडचं आधीच अपुरं व्हिटॅमिन ई खर्च करून टाकतात. कॉड माशाचं तेल पाजलेल्या वासरांमध्ये स्नायूंचा तोच रोग झाल्याच्या जुन्या नोंदी पशुवैद्यकात आहेत. शिवाय नळकांड्याने पाजताना तेल श्वासनळीत गेलं की न्यूमोनिया ठरलेला.

तेच लोहाच्या इंजेक्शनचं. दुधात लोह कमी म्हणून काही जण जन्मताच लोह टोचतात. ज्या आईत ई-सेलेनियम कमी आहे तिच्या पिल्लाला लोह टोचलं तर ते विषारी ठरू शकतं, डुकराच्या पिल्लांमध्ये हे चांगलं अभ्यासलं गेलं आहे. गरज असेल तर तपासून, डॉक्टरांच्या हातूनच.

चेकनाका

डॉक्टर, कमतरता आणि जादा यांतला फरक पटला. एक उपप्रश्न. मुळात हे सुपरऑक्साइड वगैरे शंभर टक्के वाईटच का? पांढऱ्या पेशी जंतू मारायला हेच वापरतात असं वाचलं आहे.

रसायनमास्तर

बरोबर वाचलंत. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात आणि मुद्दाम सुपरऑक्साइडचा मारा करतात. त्यांच्या स्वतःच्या पडद्याला तो मारा सोसायचा असेल तर त्यांना ई आणि सेलेनियम हवं, म्हणून कमतरतेत प्रतिकारही ढेपाळतो. शून्य ऑक्सिडेशन असं ध्येय कुणाचंच नसावं. तोल राखायचा, एवढंच.

ऐरोली सेक्टर

गोठे आता एका बाजूला एमआयडीसी आणि दुसऱ्या बाजूला हायवे यांच्या मध्ये सापडले आहेत. त्या हवेमुळे ताण वाढत असेल का?

गोवैद्य कल्याण

धूर चांगला नाहीच. पण मी गोठ्यात शिरते तेव्हा आधी डोळे चुरचुरतात ते मुताच्या अमोनियाने. वासरू जमिनीलगत झोपतं, ते सगळ्यात जास्त तेच हुंगतं. कोरडा पेंढा, रोज बदललेला, आणि खालून वारा, ही सुधारणा आपल्या हातातली आहे.

तुम्ही हवेचा विषय काढलात म्हणून उष्म्याबद्दल लिहिते. तापमान आणि आर्द्रता मिळून जो निर्देशांक काढतात तो ७२ च्या वर गेला की दुभत्या गाईला ताण सुरू होतो. आपल्याकडे मे महिन्यात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरली तरी तो ८६ च्या आसपास येतो. गाभणपणाच्या शेवटच्या दीड-दोन महिन्यांत उष्म्यात राहिलेल्या गाईंची वासरं हलकी जन्मतात आणि चिकातली प्रतिपिंडंही कमी शोषतात, हे नीट अभ्यासलं गेलं आहे. भाकड गाय दूध देत नाही म्हणून तिला मागच्या, पत्र्याखालच्या कोपऱ्यात बांधतात. खरं तर पंख्याखालची जागा तिची आहे. खाडीकाठच्या दमट हवेत नुसतं पाणी मारून भागत नाही, घाम आणि पाणी सुकायला वारा लागतो. पंखा आधी, फवारा नंतर.

शिळफाट्याचा गोठा

सगळ्यांचे मनापासून आभार. मुरबाडकर काका, तुमचं वाचून मी लगेच चाऱ्याचा हिशेब काढला. जानेवारीनंतर आमच्याकडे पेंढा, सरकी पेंड आणि कोंडा. हिरवं येतं ते आधी दुभत्या गाईंना जातं, भाकडांना उरलंसुरलं. खनिज मिश्रणही दुभत्यांनाच. आणि डॉक्टर म्हणतात तसा पत्र्याखालचा कोपरा, तिथेच गाभण गाई बांधलेल्या असतात.

अजून एक. आमच्या बऱ्याच गाई रात्री वितात. गडी सकाळच्या धारेला येतो तेव्हा चीक निघतो. रात्री वासरू स्वतः चोखतं असं आम्ही धरून चाललो होतो.

दोन गाई पुढच्या दोन महिन्यांत विणार आहेत. नेमकं काय करू?

मुरबाडकर

रात्री कुणीतरी गोठ्यात झोपा दादा. बाकी डॉक्टर सांगतील.

गोवैद्य कल्याण

शिळफाटा, आता तुमच्या मूळ प्रश्नावर येते.

गाभण गाईंना आजपासून हिरवं द्या. पॅरा गवत, हत्तीगवत, शेवगा, जे मिळेल ते, आधी त्यांना, मग दुभत्यांना. हिरवं अजिबात मिळत नसेल तर खाद्यातून व्हिटॅमिन ई. साठवलेल्या चाऱ्यावरच्या भाकड गाईसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज १.६ युनिट असं प्रमाण धरतात, म्हणजे ४०० किलोच्या गाईला साधारण ६४० युनिट, विण्याआधीचे दोन महिने. खनिज मिश्रणाच्या पिशवीवर तांबं, जस्त, मँगेनीज, सेलेनियम चारही आहेत का ते वाचा. असतील तर वेगळं सेलेनियम घालू नका. हे सगळं तुमच्या डॉक्टरांना दाखवून.

त्या दोन गाईंचं रक्त सेलेनियमसाठी किंवा ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजसाठी तपासता येतं. कुठे पाठवायचं ते परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. हे एन्झाइम तांबड्या पेशी तयार होतानाच त्यांत भरलं जातं, त्यामुळे रक्तातला आकडा मागच्या काही आठवड्यांची गोष्ट सांगतो. आज सेलेनियम दिलं आणि उद्या तपासलं तर फरक दिसणार नाही. कमी निघालं तर विण्याआधी गाईला आणि जन्मल्यावर वासराला इंजेक्शन, ठरलेल्या मात्रेत. तेव्हा ते सुईचं काम. तोवर नाही.

रात्रीच्या विण्याला माणूस हवाच, मुरबाडकर काका बरोबर सांगताहेत. वासरू स्वतः चोखेल हे धरू नका. मलूल वासरूच चोखत नाही, आणि त्यालाच चिकाची गरज जास्त. चांगल्या गाईचा जास्तीचा पहिल्या धारेचा चीक बाटल्यांत भरून गोठवून ठेवा, उणे २० अंशांत वर्षभर टिकतो. वितळवताना कोमट पाण्यात बाटली ठेवायची, उकळत्या पाण्यात नाही, प्रतिपिंडं मोडतात.

पाचपाखाडीकर

चीक चांगला आहे हे बाटलीत भरताना कळायचं कसं? घट्टपणावरून?

गोवैद्य कल्याण

घट्टपणा फसवतो. ब्रिक्स मीटर वापरा, एक थेंब काचेवर ठेवून बघायचा. २२ किंवा त्यापुढे आला तर प्रतिपिंडं पुरेशी आहेत असं धरतात. ई किती आहे ते मात्र त्यावरून कळत नाही, त्यासाठी गाईचा चाराच बघावा लागतो.

कोलशेतकर

म्हणजे द्राक्षवाले गोडी बघायला वापरतात तोच ना? माझे मामा निफाडला बागाईतदार आहेत, त्यांच्याकडे एक जादा पडून आहे. शिळफाटा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. रविवारी घेऊन येतो.

शिळफाट्याचा गोठा

जरूर या. गाभण दोघींना आज पुढच्या ओळीत पंख्याखाली आणलं. पॅरा गवतवाल्याला उद्यापासून दोन भारे जास्त टाकायला सांगितलं आहे. रक्ताचं आमच्या डॉक्टरांशी बोललो, ते सोमवारी नमुने घेणार आहेत. अहवाल आला की इथेच आकडे टाकतो, डॉक्टर ताई, तेव्हा बघाल का?

गोवैद्य कल्याण

बघेन. आकड्यांबरोबर खनिज मिश्रणाच्या पिशवीवरच्या तक्त्याचा फोटोही टाका.